पेशीच्या वेशीवर

अकरावीच्या जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढताना जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकमेकांना चिकटलेले आयताकृती खाने काढतो आणि प्रत्येक खान्याला दुहेरी रेघ देतो. बाहेरच्या रेघेला नाव पेशीभित्तिका, आतल्या रेघेला पेशीपटल. बाहेरची रेघ त्यानं खरोखर पाहिलेली असते. आतली रेघ पुस्तकात बघून काढलेली असते, कारण प्रयोगशाळेतल्या त्या सूक्ष्मदर्शकातून पेशीपटल म्हणून वेगळी रेघ कुणाला दिसलेली नाही आणि दिसणारही नाही.

याचं कारण सूक्ष्मदर्शकाच्या दर्जात नाही, प्रकाशात आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं, की दोन बिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असले तर भिंग कितीही उत्तम असलं तरी ते दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर येते. पेशीपटलाची जाडी अवघी ७-८ नॅनोमीटर. म्हणजे ते या मर्यादेपेक्षाही पंचवीसपट पातळ. भिंग बदलून प्रतिमा आणखी मोठी करता येईल, पण त्यातून फक्त मोठा धूसरपणा मिळेल. पटलाचा छेद प्रत्यक्ष दिसला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९५० च्या दशकात. दोन गडद रेघा आणि मध्ये एक फिकी.

पण त्याच्या पाऊणशे वर्षं आधीपासून शास्त्रज्ञ या पटलाबद्दल ठामपणे लिहीत होते. ते कशाचं बनलं असावं याचा तर्कही त्यांनी बांधला होता आणि तो पुष्कळसा बरोबर निघाला. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल इतकं कळण्याचं कारण म्हणजे तिची वागणूक दिसत होती. पटल कुणाला आत घेतं, कुणाला अडवतं, कुणाला बाहेर घालवतं, याच्या नोंदी ठेवत ठेवत माणसानं ते ओळखलं. ही वागणूक आजही कुठल्याही शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. म्हणून या प्रकरणात आधी सूक्ष्मदर्शकापाशी जाऊ आणि मग त्या पटलाच्या मागावर निघू.

यासाठी कांद्यापेक्षा ऱ्हिओचं पान उत्तम. बागेच्या कडेनं, सोसायटीच्या कुंड्यांमध्ये लावतात ते झाड. लांबट टोकदार पानं, वरून हिरवी आणि खालून गडद जांभळी. पान जांभळी बाजू वर ठेवून दुमडायचं आणि तिरकं फाडायचं. फाटलेल्या कडेला जांभळा, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. नखाएवढा तुकडा पुरे. काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून त्यात तो पसरायचा, घडी पडू द्यायची नाही. कव्हरस्लिप आधी एका कडेवर तिरकी टेकवायची आणि सुईच्या आधारानं हळूहळू खाली सोडायची, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूनं निघून जाते. घाईनं आडवी ठेवली तर बुडबुडे अडकतात, आणि नवशिक्याला सूक्ष्मदर्शकातून सर्वांत आधी दिसतात ते हेच बुडबुडे: काळ्या जाड कडेची, आत काहीच नसलेली गोल वर्तुळं. पुष्कळ जण त्यांनाच पेशी समजून हौसेनं आकृती काढतात.

सुरुवात नेहमी लो पॉवरनं करावी. दहापट नेत्रिका आणि दहापट वस्तुभिंग म्हणजे प्रतिमा शंभरपट मोठी. आधी बाजूनं बघत बघत भिंग काचपट्टीच्या जवळ आणायचं आणि मग नेत्रिकेतून बघताना ते दूर सरकवत स्पष्ट प्रतिमा शोधायची. उलट केलं तर भिंग काचेवर आदळतं. कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावरही ओरखडा येतो. दुसरा डोळा मिटू नये, दोन्ही उघडे ठेवले तर थकवा येत नाही. काचपट्टी डावीकडे सरकवली की प्रतिमा उजवीकडे पळते, याची बोटांना हळूहळू सवय होते. चाळीसपट भिंग लावल्यावर मोठा स्क्रू अजिबात फिरवायचा नाही, फक्त लहान.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी शिकवलीच जात नाही. स्टेजच्या खाली प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. जिवंत पेशी बहुतांशी पाण्याची आणि पारदर्शक. भरपूर प्रकाश सोडला तर ती त्या उजेडात विरून जाते. पडदा थोडा बंद करा, प्रकाश मंद करा, आणि कडा उठून दिसायला लागतात. सूक्ष्मदर्शक वापरता येतो की नाही हे मी माणसाच्या डाव्या-उजव्या हालचालीवरून ठरवणार नाही, त्याचा हात डायफ्रॅमकडे जातो की नाही यावरून ठरवीन.

आणखी एक करून पाहा. पापुद्र्याच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी ठेवा. शंभरपट प्रतिमेत दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साधारण १.५ ते २ मिलिमीटर भरतो. एकदा हा आकडा हाती आला, की त्या व्यासात ओळीनं किती पेशी बसतात हे मोजून एका पेशीची लांबी काढता येते. दिसलेल्या वस्तूला माप मिळालं की ती डोक्यात पक्की बसते.

आता मुख्य गोष्ट. पाण्यातल्या पापुद्र्यात प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी भरलेली दिसते. रंग पेशीच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत विरघळलेला असतो. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून घ्या. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद पाणी ओढून घेतो, मिठाचं पाणी पापुद्र्याखाली शिरतं. नेत्रिकेवरचा डोळा हलवू नका.

काही मिनिटांत पेशीच्या कोपऱ्यांतून जांभळा रंग मागे सरतो. मग कडांवरून सुटतो. पेशीचा खाना तेवढाच राहतो, पण आतला जांभळा ऐवज आक्रसत जातो आणि शेवटी मध्ये किंवा एका बाजूला गोलसर गोळा होऊन राहतो. त्याचा रंग आधीपेक्षा गडद झालेला असतो. याला रससंकोच म्हणतात.

इथे थांबून नीट विचार करण्यासारखं बरंच आहे. खान्याची भिंत आणि जांभळा गोळा यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते ती रिकामी नाही, तिच्यात मिठाचं पाणी आहे. म्हणजे भित्तिकेनं मीठही आत येऊ दिलं आणि पाणीही. तिनं कुणाची चौकशी केली नाही. पण गोळ्याच्या कडेशी कारभार बदलतो. आतलं पाणी तिथून बाहेर गेलं, रंग मात्र गेला नाही, उलट दाट झाला. मीठही आत शिरलं नाही. शिरलं असतं तर दोन्हीकडे सारखंच मीठ झालं असतं आणि पाण्याला बाहेर पडायचं कारण उरलं नसतं. म्हणजे जांभळ्या रंगाच्या कडेवर असं काही आहे, जे पाण्याला सोडतं आणि मिठाला व रंगाला सोडत नाही. ती कड हेच पेशीपटलाचं ठिकाण. काटेकोर बोलायचं तर तिथे लागोपाठ दोन पटलं आहेत: बाहेर पेशीपटल, आत रिक्तिकेचं पटल आणि मध्ये पेशीद्रव्याचा पातळ थर. पटल दिसलं नाही, पण ते कुठे आहे आणि काय करतं हे दोन्ही दिसलं. शालेय पुस्तकात याला निवडक्षम पारपटल असं नाव असतं. नाव पाठ करून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं.

पुढे आणखी दोन परीक्षा घ्याव्यात. मिठाचं पाणी टिपकागदानं काढून साधं पाणी सोडलं तर गोळा पुन्हा फुगतो आणि खाना काठोकाठ भरतो. पेशी जिवंत होती याचा हा पुरावा. दुसरी परीक्षा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलेल्या पानावर घ्यायची. त्याच्या पापुद्र्यावर कितीही मीठ घाला, संकोच होत नाही. रंग तर आधीच सगळीकडे पसरलेला असतो. भित्तिका तशीच आहे, पण पटल मोडलं. बीट उकडल्यावर पाणी लाल का होतं, याचं कारण हेच.

ॲमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्ह्रीस हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८८० च्या दशकात नेमकं हेच करत बसले होते, आणि तेसुद्धा ऱ्हिओच्याच पापुद्र्यावर. त्यांचा प्रश्न साधा होता: पेशी आक्रसायला कुठल्या पदार्थाचं किती दाट द्रावण लागतं? साखर, मीठ, सोरा, एकेक घेऊन त्यांनी तक्ते केले. त्यातून दिसलं, की पदार्थाचं वजन महत्त्वाचं नाही, द्रावणात त्याचे किती कण आहेत ते महत्त्वाचं. त्यांच्या विद्यापीठातले सहकारी, रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची मोजमापं आणि द व्ह्रीस यांची निरीक्षणं हाती घेऊन परासरणाचा, म्हणजे पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जाण्याचा, नियम मांडला. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफना मिळालं, त्यामागे हे कामही होतं. रसायनशास्त्राचा एक पायाभूत नियम पानाच्या पापुद्र्यातून निघाला, हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जरूर सांगावं असं मला वाटतं.

स्वयंपाकघरात परासरण रोजचंच. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, म्हणून ते पानं वाढताना घालतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर जो खार सुटतो, तेही फोडींच्या पेशींमधून बाहेर आलेलं पाणीच. लोणचं टिकतं त्यालाही हे मीठच कारण. बुरशी आणि जिवाणू त्या खारात पडले तर त्यांच्या पेशींतलंही पाणी असंच ओढलं जातं.

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भित्तिकेचा आधार असतो, म्हणून साध्या पाण्यात ती फुगून ताठ होते, पण फुटत नाही. आपल्या पेशींना हा आधार नाही. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरत राहतं आणि त्या फुटतात. म्हणून शिरेतून साधं पाणी कधीच देत नाहीत. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के हा आकडा छापलेला असतो. तेवढ्या मिठाच्या पाण्यात रक्तपेशी फुगतही नाहीत, आक्रसतही नाहीत. ही बाटली पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

पटल कशाचं बनलं आहे, याचा माग अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी काढला. १८९० च्या दशकात झ्यूरिखमध्ये त्यांनी शेकडो पदार्थांची द्रावणं करून त्यात जिवंत पेशी बुडवल्या. पेशी आक्रसली आणि तशीच राहिली तर तो पदार्थ आत जात नाही; आक्रसलीच नाही तर तो झरकन आत गेला; आधी आक्रसून मग सावरली तर तो हळूहळू शिरतो आहे. परासरणाचा पानावरचा प्रयोग त्यांनी मोजण्याचं साधन म्हणून वापरला. निकाल स्पष्ट होता. ईथर, अल्कोहोल असे तेलात मिसळणारे पदार्थ सहज आत जात होते, साखर बाहेरच अडून राहत होती. पटल स्निग्ध पदार्थाचं असलं पाहिजे, असं ओव्हर्टननी म्हटलं.

१९२५ मध्ये लायडनच्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला सगळा स्निग्धांश काढून पाण्यावर एक रेणू जाडीच्या थरात पसरला. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतो, आतली दुसरी पटलंही नसतात. म्हणजे निघालेला स्निग्धांश बाहेरच्या पटलाचाच. त्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटलात स्निग्ध रेणूंचे दोन थर, पाठीला पाठ लावून. त्यांच्या कामात दोन चुका होत्या: स्निग्धांश पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानात असंही घडतं, आणि ते लपवू नये.

हे पटल घट्टही नाही. १९७० मध्ये अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकत्र जोडून त्यांची एकच पेशी केली. एकीच्या पटलातल्या प्रथिनांना हिरवं चमकणारं रसायन लावलं होतं, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी आणि अर्धी लाल दिसत होती. शरीराच्या तापमानाला चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. थंडीत ठेवल्यावर मिसळले नाहीत. प्रथिनं पटलात तरंगत फिरतात, हे त्यातून दिसलं. दोन वर्षांनी सिंगर आणि निकल्सन यांनी स्निग्ध थरात तरंगणाऱ्या प्रथिनांचं जे चित्र मांडलं, तेच आज पाठ्यपुस्तकात आहे.

पण नुसता स्निग्ध थर घेतला तर पेशी उपाशी मरेल. ग्लुकोज, सोडियम, पोटॅशियम यांपैकी काहीही तेलात मिसळत नाही, मग ते आत कसे जातात? त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं आहेत. ज्याचं दार त्यालाच प्रवेश. पाण्याचंसुद्धा स्वतंत्र दार आहे, हे कळायला १९९२ उजाडलं. बाल्टिमोरचे पीटर ॲग्रे रक्तगटाशी संबंधित प्रथिनं शोधत होते आणि त्यांना रक्तपेशीच्या पटलात एक अनोळखी प्रथिन भरपूर सापडलं. ते काय करतं हे पाहण्यासाठी त्यांनी बेडकाच्या अंड्यांकडून ते तयार करून घेतलं. बेडकाचं अंडं गोड्या पाण्यात सहसा काही न होता राहतं. पण ही अंडी पाण्यात सोडल्यावर थोड्याच वेळात फुगून फुटली. पाण्याचं दार सापडलं होतं. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात. ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं.

काही दारांना ऊर्जा लागते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करताना सोडियमचा पंप शोधला. हा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च करतो. क्षणाचीही विश्रांती न घेता. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हा शरीर जी ऊर्जा वापरतं, तिचा सुमारे पाचवा हिस्सा या पंपावर जातो. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट जास्त असतं आणि ते आत यायला सदैव टपलेलं असतं. या ओढीचा उपयोग पेशी करून घेते. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशीतलं ग्लुकोजचं दार सोडियमसोबतच उघडतं. दोघं जोडीनं आले तरच आत. आणि ते आत गेले की त्यांच्यामागे पाणी.

एका दाराची ही माहिती त्या वेळी कुणाला विशेष वाटली नाही. पण तिच्यात कॉलऱ्यावरचा उपाय दडलेला होता.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत वेशीजवळ मरीआईचं ठाणं आजही दिसतं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा, अशा रोगापुढे माणसं दुसरं करणार तरी काय. या रोगात तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, असं वैद्यकात दीर्घकाळ मानलं जाई, कारण शवविच्छेदनात तसं दिसायचं. १९६० मध्ये गँगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकॉकच्या जिवंत रुग्णांच्या आतड्यांतले बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं, की अस्तर शाबूत असतं. मृत्यूनंतर ते झपाट्यानं विघटित होत असल्यानं पूर्वीच्या डॉक्टरांची फसगत झाली होती. त्याच्या वर्षभर आधी कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं होतं, की कॉलऱ्याचे जिवाणू गाळून टाकलेलं निव्वळ द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी साठवतं. म्हणजे हे काम एका विषाचं. भारतातल्या साध्या प्रयोगशाळेतून निघालेल्या या शोधाची दखल देशात फार उशिरा घेतली गेली, याची खंत वाटते.

हे विष आतड्याच्या पेशीत शिरून क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहत राहतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. पण ग्लुकोज आणि सोडियमच्या जोडीचं दार हे विष मोडत नाही. ते रोगाच्या ऐन भरातही चालू असतं. तोंडावाटे योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज दिलं, तर त्या दारानं पाणी शरीरात परत घेता येतं. जुलाब चालूच राहतात, पण माणूस सुकत नाही, आणि दोन-चार दिवसांत शरीर स्वतःच रोगातून बाहेर पडतं.

कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यानं १८६ रुग्ण बरे केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पण ते का चालतं हे सांगणारं कुणी नव्हतं, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, आणि जगानं त्याकडे लक्ष दिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पद्धतशीर चाचणी केली. बाहेर जाईल तेवढंच पाणी मोजून तोंडानं पाजलं. सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. तरीही डॉक्टरांचा विश्वास बसेना. बाटली लटकलेली नसेल तर तो उपचार कसला, असं त्यांनाही वाटे आणि रुग्णांनाही.

मग १९७१ आलं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली आणि सीमेवरच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर पडलेले होते, मलमूत्रात गुडघे टेकवूनच त्यांच्या शिरेत सुई घालावी लागत होती. सलाइनचा साठा संपत आला होता. महालनबीस यांच्यापुढे पर्याय नव्हता. लिटरभर पाण्याला ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम ग्लुकोज या प्रमाणात मिश्रणाची पाकिटं कोलकात्यात बांधली गेली. बनगावात ड्रममध्ये ते द्रावण तयार करून ठेवलं आणि रुग्णाच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं, की पेल्यानं पाजत राहा. शिकलेली परिचारिका लागत नव्हती. हा निर्णय धाडसाचा होता. जिथे परिस्थिती सर्वांत वाईट होती तिथेच त्यांनी न रुळलेला उपचार वापरला. अशा छावण्यांत शंभरात वीस-तीस माणसं मरत असत. ज्यांना हे पाणी मिळालं त्यांच्यात हे प्रमाण तीन-चारवर आलं.

१९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडीचा शोध हा विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असं मत दिलं. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये जाहीर झालं.

आज केमिस्टकडे जे ओआरएसचं पाकीट मिळतं, त्याचं प्रमाण २००२ मध्ये बदललेलं आहे. आता एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही पूर्वीपेक्षा कमी केले, कारण जुनं द्रावण गरजेपेक्षा दाट होतं. आतड्यात पडलेलं दाट द्रावण शरीराकडे पाणी जाऊ देण्याऐवजी शरीरातलंच पाणी आपल्याकडे ओढतं. नव्या प्रमाणानं मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाइन लावण्याची वेळही कमी येऊ लागली. म्हणून पाकीट लिटरभर पाण्याचं असेल तर ते लिटरभरच पाण्यात विरघळवायचं. लवकर गुण यावा म्हणून एका पेल्यात अख्खं पाकीट घालणं, किंवा बाळ पितं म्हणून साखर वाढवणं, यानं जुलाब वाढतात. बाजारातली गोड शीतपेयं आणि फळांचे डबाबंद रस जुलाबात देऊ नयेत, तेही याच कारणानं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव घेऊन पाहावी. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते टाकून पुन्हा करावं.

कोकणात आजारी माणसाला भाताची पेज देतात. पेजेतला पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची एकत्र बांधलेली लांबलचक साखळी. परासरण कणांची संख्या मोजतं, आणि साखळी कितीही लांब असली तरी तो एकच कण. त्यामुळे पेज दाट असूनही आतड्यात पाणी ओढत नाही. ती पचत जाते तसतसं ग्लुकोज अस्तराजवळ थोडं थोडं सुटतं आणि लगेच आत घेतलं जातं. तांदळाच्या पिठाचं ओआरएस कॉलऱ्यात साध्या ओआरएसइतकंच, काही बाबतींत त्याहून चांगलं काम करतं, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. मात्र पेजेत मीठ घालायला विसरू नये. मिठावाचून ग्लुकोजच्या जोडीला पुरेसं सोडियम नसतं, आणि त्या दाराला दोघंही लागतात.